बाभूळ मालिका, बाघची भट्टी : प्रकल्पाच्या नोंदी

14 ऑक्टोबर, पुणे

‘बाभूळ’ या पाच लाकूडछापांच्या मालिकेतली दोन चित्रे कापडावर न्यायची ठरली. मूळ छाप शिवणीच्या फळीवर कोरलेले, काळ्या आणि तांबड्या तेलशाईत हातकागदावर काढलेले आहेत. कापडाचे काम मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात बाघ इथे, खत्री छपाईकारांच्या कारखान्यात होईल. हे खत्री मूळचे सिंधमधल्या लारकान्याचे. आधी मारवाड, मग मनावर हे गाव अशी मजल करत 1962 साली बाघेत आले आणि बाघिनी नदीच्या पाण्यावर स्थिरावले.

निघण्याआधी मुद्राचित्रकाराने एक गोष्ट डोक्यात पक्की करायला हवी. कागदावर शाई बसते आणि जे दिसते तेच छापलेले असते. बाघेत ठशाने कापडावर रंग लावतच नाहीत. लावतात ते रंगबंधक : लालासाठी तुरटी, काळ्यासाठी लोखंडाचे पाणी. लाल रंग पुढे भट्टीत उकळताना येतो आणि फक्त तुरटी लागली असेल तिथेच धरतो. म्हणजे छपाईच्या मेजावर दिसते ती पुसट गेरूची आकृती असते, चित्र नव्हे. छपाई आणि चित्र यांच्यात बारा-पंधरा दिवस जातात. मेजावर उभे राहून ‘थोडे गडद करा’ म्हणण्याची सोय नाही.

दोन चित्रे निवडली : फुलोऱ्यातली फांदी आणि काट्यांची जोडी. बाकीच्या तिघांत फळीचा पोतच चित्राचा जीव आहे, ती सध्या बाजूला.

23 ऑक्टोबर, पेथापूर

ठसे गांधीनगरजवळच्या पेथापूरला करायला दिले. लाकूड सागाचे, जाडी दोन इंच. तोंड दगडावर पाणी-वाळूने घासून सपाट केले जाते, वर पांढरा हात देतात, त्यावर आकृती उतरवतात. मोठी खोली कमान-सामत्याने भोके पाडून मोकळी करायची आणि मग छिन्नीने कडा साफ करायच्या. खोली 8 ते 10 मि.मी. ठेवतात. त्याहून उथळ ठशात घोळ, म्हणजे खळीत कालवलेले रंगबंधक, तळाला साचतो आणि नको तिथे उमटतो.

इथे पहिली काटछाट झाली. कागदावर काट्याचे टोक 0.4 मि.मी. आहे. सागात ते उभे राहील, पण शंभर थापांत मोडेल. ठसेकारांनी नमुन्याची पट्टी कोरून दाखवली : लाकडात 1 मि.मी.ची रेघ कापडावर दीड होते आणि दोन रेघांत दीड मि.मी.पेक्षा कमी जागा असेल तर ती घोळाने भरते. “काँटे को मोटा करो, वरना मसाला भर जाएगा,” एवढेच ते म्हणाले. काटे मुळाशी 3 आणि टोकाशी 1 मि.मी. केले. काट्यांची संख्या एका ठशात 41 वरून 17 वर आली. चित्र त्याने बिघडले नाही, उलट फांदीला श्वास मिळाला.

ठसा 15 × 15 सें.मी. याहून मोठा घेतला तर एका हाताने उचलून सरळ ठेवता येत नाही. दुपट्टा 225 × 90 सें.मी., म्हणजे लांबीत 15 आणि रुंदीत 6, एका रंगाच्या 90 थापा. दोन रंगांच्या 180. एकही थाप उचलून पुन्हा मारता येत नाही.

प्रत्येक आकृतीचे दोन ठसे : रेख म्हणजे बाह्यरेषेचा, काळ्यासाठी आणि गद म्हणजे आतल्या भरावाचा, लालसाठी. मुठीच्या बाजूने आरपार बारीक भोके पाडली आहेत, त्यांना पवनसार म्हणतात. ठसा दाबताना अडकलेली हवा तिथून निघते. भोके नसली की भरीव भागाच्या मधोमध पांढरे ठिपके राहतात.

कोरून झालेले ठसे दहा-बारा दिवस तेलात बुडवून ठेवतील. तोवर बाघेकडे कापड पाठवले.

9 नोव्हेंबर, बाघ

सुती कापड, 90 सें.मी. पन्हा, वजन चौरस मीटरला 110 ग्रॅम, एकूण 90 मीटर. म्हणजे साधारण 9 किलो. 10, 12 आणि 12 दुपट्ट्यांचे तीन लॉट, उरलेले साडेतेरा मीटर चाचणीला.

काम सुरू करण्याआधी व्यवहाराचे चार मुद्दे वहीत लिहून दोघांनी सह्या केल्या. चाचणीच्या दिवसांचे पैसे मीटरवर नव्हे, रोजावर. चाचणी फसली तरी रोज द्यायचाच, कारण फसलेल्या लॉटलाही तेवढेच हात लागतात. नवे चार ठसे मुद्राचित्रकाराचे, कारखान्याचे जुने ठसे कारखान्याचे. लेबलवर छपाई, भट्टी आणि ठसा या तिन्ही कामांची नावे. कारखान्याचा जुना ठसा वापरला तर तो जुना आहे हेही लिहायचे. हे सुरुवातीलाच लिहून ठेवणे सगळ्यांच्याच सोयीचे. माल चांगला निघाल्यावर अशा गोष्टी बोलायला अवघड जाते.

10 ते 13 नोव्हेंबर

खारा. आधी कापड वाहत्या पाण्यात भिजवून दगडावर धोपटले, गिरणीची खळ निघाली. मग 9 किलो कापडाला 30 लिटर पाणी, 450 मि.लि. एरंडेल, 900 ग्रॅम संचोरा म्हणजे इथले कच्चे मीठ आणि दीड किलो बकरीच्या लेंड्या. लेंड्या रात्री भिजवून गाळून घेतल्या. कापड या पाण्यात पायाने तुडवायचे, पिळायचे आणि दगडावर रचून रात्रभर दाबून ठेवायचे. सकाळी पसरून वाळवायचे. असे तीन वेळा. घाई करून दोनदा केले तर तेल आतपर्यंत जात नाही आणि तुरटी कापडावर ठिगळासारखी धरते.

खारा झाला की नाही याची परीक्षा सोपी आहे. कोरड्या कापडावर पाण्याचा थेंब सोडला की तो टिकता कामा नये. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर थेंब दोन-तीन सेकंद मण्यासारखा उभा राहत होता. तिसऱ्यानंतर टेकताच नाहीसा झाला.

14 नोव्हेंबर

हिरडा. जुन्नर-आंबेगावच्या बाजूचा हिरडा पुण्याहून आणला होता. त्यात अर्धा बाळहिरडा निघाला, तो बाजूला काढला. बाळहिरडा औषधाला जातो, कसासाठी, म्हणजे टॅनिनसाठी, पिकलेल्या मोठ्या हिरड्याची साल लागते, बी काढून. 40 लिटर पाण्यात 1 किलो 100 ग्रॅम भुकटी, म्हणजे कापडाच्या बारा टक्के. कापड बुडवून, पिळून, जमिनीवर सपाट वाळवले, सगळे एकाच वेळी एकाच बाजूने. दोरीवर टांगले तर हिरडा खाली उतरून कडेला जमतो आणि तिथे काळा जास्त धरतो. वाळलेले कापड पिवळट झाले आणि हाताला किंचित करकरीत लागते.

हिरड्यातला कस काळ्यासाठी थेट लागतो, लोखंड त्याच्याशी मिळून काळे होते. लालसाठीही तो हवा, कारण सुतावर तुरटी एकटी टिकत नाही. हिरड्याने धरलेल्या तुरटीवर रंग बसतो.

16 नोव्हेंबर

दोन्ही घोळ.

काळ्याचे मडके महिनाभर आधीच लावलेले होते : 4 किलो गंजके लोखंड, त्यात जुने नाल आणि खिळे, 800 ग्रॅम गूळ, 15 लिटर पाणी. वर फेस येतो, आंबूस वास सुटतो. अठराव्या दिवशी फेस बसला म्हणजे तयार. परीक्षा : हिरडा दिलेल्या चिंधीवर थेंब टाकला की तत्क्षणी काळा व्हायला हवा. राखाडी होऊन हळूहळू गडद होत असेल तर आणखी आठवडा. वरचे पाणी गाळून चिंचोक्याच्या पिठात शिजवले.

लालसाठी चिंचोक्याची खळ एक लिटर, तुरटी 150 ग्रॅम, गेरू चिमूटभर. गेरू फक्त डोळ्याला दिसावे म्हणून, पुढे धुण्यात निघून जातो. चिंचोके भाजून, साल काढून दळलेले. पीठ थंड पाण्यात कालवून मगच चुलीवर ठेवायचे, गरम पाण्यात टाकले तर गाठी होतात आणि त्या ठशाच्या रेघांत अडकतात. दोन वेळा गाळले, दुसऱ्यांदा मलमलीतून.

17 नोव्हेंबर

सकाळी तुरटीचा घोळ दाणेदार. ठशावर साखरेसारखे कण लागत होते आणि थापेत तिथे पांढरे राहत होते. कारण थंडी : गरम खळीत 150 ग्रॅम तुरटी विरघळली, पण पहाटे ती खड्याच्या रूपाने परत बाहेर आली. घोळ पुन्हा कोमट करून गाळला आणि पुढच्या वेळेला 100 ग्रॅमवर आणला. हिवाळ्यात 100 पुरते. घोळ दुसऱ्या दिवशी पातळ होतो, तिसऱ्या दिवशी आंबतो. म्हणून रोजच्यापुरताच शिजवायचा.

20 आणि 21 नोव्हेंबर

पहिला लॉट, दहा दुपट्टे, फांदीची आकृती.

दगडी मेजावर आठ-दहा पदरी कापड अंथरलेले. शेजारी चाकाच्या छोट्या गाड्यावर लाकडी तबक, त्यात घोळ, घोळावर बांबूच्या कामट्यांची जाळी आणि जाळीवर लोकरीचा तुकडा. ठसा लोकरीवर दोनदा टेकवायचा, दुसऱ्यांदा थोडा फिरवून. जाळीमुळे लोकर सतत ओली राहते पण चिंब होत नाही. ठसा तिच्यातून जेवढे घेतो तेवढेच कापडावर जाते.

थाप मारण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. डाव्या हाताची बोटे ठशाच्या कडेला, अंगठा आधीच्या थापेच्या कोपऱ्यातल्या टिपक्यावर. ठसा आधी वरच्या डाव्या कोपऱ्याने टेकतो, मग सपाट होतो, मग उजव्या मुठीचा खालचा भाग मुठीवर एकदाच बसतो. ठक् असा कोरडा आवाज आला की थाप पूर्ण. फदकन आवाज आला तर घोळ जास्त झाला, कडेला ओघळ येणार. छपाई करणारे डोळ्यापेक्षा या आवाजावर चालतात. पाठमोरे बसलेल्यांनीही तिसऱ्या दुपट्ट्यावरच्या दोन फदफदीत थापा ओळखल्या.

सांधे बरे जमले. मात्र फांदीचा खोड रेषेत पुढच्या ठशात जाताना अर्धा मि.मी. सरकतो. कागदावर हा दोष ठरला असता. कापडावर नऊ-दहा हात लांबून तो दिसत नाही, आणि बारीक सरकणे हाताच्या छपाईची सही आहे असे आमचे मत. एक मि.मी.च्या पुढे गेले तर मात्र फांदी तुटलेली वाटते.

भरीव जागा मात्र खोटी निघाली. पाच सें.मी. रुंद लाल भराव मधे फिका, कडेला गडद. घोळ दाबाने कडेकडे सरकतो. पवनसार असूनही. लाकूडछापात मोठे सपाट काळे क्षेत्र ही ताकद असते, इथे तीच अडचण.

छापून झालेले कापड सावलीत, घडी न घालता टांगले. बारा दिवस. लोखंड हवेने पुरते काळे होते, तुरटी हिरड्याला धरते. चार दिवसांत धुतले तर अर्धे नदीत जाते.

3 डिसेंबर

विछळणे आणि भट्टी. बाघिनीच्या धारेत दोघांनी दोन टोके धरून एकेक दुपट्टा वीस मिनिटे हलवला. सैल तुरटी, खळ आणि गेरू निघाले.

भट्टीसाठी तांब्याचे छोटे भांडे, 80 लिटर. ॲलिझरीन हे लाल रंगद्रव्य 45 ग्रॅम, म्हणजे कापडाच्या दोन टक्के, इथला नेहमीचा हिशोब. धायटीची फुले 200 ग्रॅम, इथे त्यांना धावडी म्हणतात. फुलांमुळे पांढरी जागा कमी मळते आणि लाल सारखा चढतो. पूर्वी या भागात लाल रंग आल (बारतोंडी) या झाडाच्या मुळापासून काढत. ॲलिझरीन 1868 मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाले आणि मुळांची लागवड संपत गेली. रंगद्रव्य मंजिष्ठाच्या कुळातल्या युरोपीय मॅडरच्या मुळात असते तेच.

कापड कोमट पाण्यात घालायचे, काठ्यांनी सतत वर-खाली करायचे, तासभराने उकळीच्या जवळ आणायचे. एकूण पाच तास. लवकर उकळले तर जो पदर वर असेल तोच सगळा रंग पितो.

फळ : काळा उत्तम. लाल विटकरी, फिका, आणि प्रत्येक दुपट्ट्यावर वेगळा. दहापैकी दहा नापास.

4 डिसेंबर

कारण शोधायला दोन तास गेले, पण ते साधे निघाले. नेहमीच्या बाघ कापडावर बुट्टी असते, छापलेली जागा अंदाजे पाचवा भाग. आमच्या आकृतीत ती किती, हे 15 × 15 सें.मी.च्या चौकटीत 1 सें.मी.चे 225 घर आखून मोजले. 135 घरे भरलेली, म्हणजे साठ टक्के.

दहा दुपट्ट्यांचे क्षेत्र 20.25 चौ.मी., त्यात छापलेले 12. पाचव्या भागाच्या हिशोबाने ते 4 चौ.मी. असते आणि 45 ग्रॅममध्ये चौरस मीटरला 11 ग्रॅम रंग मिळतो. आमच्या वाट्याला पावणेचार ग्रॅम आला. लोखंडसुद्धा ॲलिझरीन ओढते, म्हणून काळी जागाही यात धरायची. रंग कापडाच्या वजनाला नाही, छापलेल्या जागेला लागतो. कारखान्यात हा हिशोब कुणी मांडत नाही, कारण तिथले डिझाइन पिढ्यान्पिढ्या त्याच प्रमाणात आहे. बाहेरून आलेल्या आकृतीने ते प्रमाण मोडले, म्हणून हिशोब मांडणे आमचे काम होते.

दुसरा मुद्दा भरावाचा. वडीलधाऱ्या छपाईकारांनी फळीवरून एक जुना ठसा काढून दिला : जुवारिया, ज्वारीच्या दाण्यांसारखे बारीक ठिपके. भिल्ल-भिलाला बायकांच्या लुगड्यांसाठी छापायचे हे नेहमीचे. म्हणाले, भरावाऐवजी मागे हे मारून बघा. कागदावर तिथे फळीचा पोत होता. सागाच्या ठशात पोत उमटत नाही, घोळ रेषा बुजवतो. जुवारियाचे ठिपके त्या पोताचे काम करतात असे चिंधीवर दिसले, आणि भराव निम्म्याने कमी झाला. हा निर्णय छपाईकारांचा. वहीत तसाच लिहिला.

10 डिसेंबर

चाचणीची पट्टी, 1 मीटर, चार तुकडे. छापलेल्या चौरस मीटरला ॲलिझरीन 6, 9, 11 आणि 15 ग्रॅम. 6 फिका. 9 चालेल असा. 11 रसरशीत. 15 मध्ये लाल तेवढाच, पण पांढऱ्यावर गुलाबी झाक, ती तपाईतही (पांढरा भाग उजळायला ओले-कोरडे करत ऊन देणे) गेली नाही. 11 पक्के.

त्याच पट्टीवर आणखी एक गोष्ट कळली. तुरटी लोखंडावर चढली तिथे चॉकलेटी तपकिरी आली, लाल नाही की काळा नाही. कागदावर काळ्यावर लाल गेला तर काळाच राहतो. कापडावर दोन्ही रंगबंधके मिसळतात. आता काट्यांच्या सावलीसाठी ही तपकिरी मुद्दाम घेणार : गद ठशाची कड रेखवर 2 मि.मी. चढेल अशी.

14 डिसेंबर

गदचा नवा ठसा पेथापूरहून आला. फांदीची आकृती रेखवर बसेना, एका बाजूला पाऊण मि.मी. बाहेर. कोरणी बरोबर आहे, कागदावर काढलेले माप तंतोतंत जुळते. फरक लाकडाचा : रेख ऑक्टोबरच्या दमट हवेत कोरलेला आणि आता सुकलेला, गद वेगळ्या फळीतून आणि उलट्या शिरेने कापलेला. आडव्या शिरेने साग सुकताना आखडतो, उभ्या शिरेने जवळपास नाही. जोड्याचे दोन्ही ठसे एकाच फळीतून, शीर एकाच दिशेला ठेवून कापायचे, हे आधीच सांगायला हवे होते. तात्पुरता उपाय : रेख रात्रभर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवला, मग तेल. सकाळी पाव मि.मी.वर आला. चालवून घेतले.

15 ते 18 डिसेंबर

दुसरा लॉट छापला, बारा दुपट्टे. रेख, गद आणि मागे जुवारिया, 270 थापा एका दुपट्ट्याला. छापलेली जागा आता 79 घरे, पस्तीस टक्के.

30 डिसेंबर

धुवून भट्टी केली. 24.3 चौ.मी.पैकी साडेआठ छापलेले, ॲलिझरीन 95 ग्रॅम. लाल जसा हवा तसा, काट्यांखालची तपकिरी सुरेख.

पण बारापैकी पाचांवर पांढऱ्या भागात गुलाबी डाग. गोल नाहीत, घडीच्या आकाराचे. दोष भट्टीचा नव्हे, विछळण्याचा. त्या दिवशी धार बारीक होती. जागा कमी पडली म्हणून पाच दुपट्टे दगडाआड थोपवून ठेवले, पदर एकमेकांवर आले. सुटलेली तुरटी वाहून जाण्याऐवजी शेजारच्या पांढऱ्यावर बसली आणि भट्टीत तिने इमानाने रंग धरला. डाग काढायचा प्रयत्न करायचा नाही, लालही निघेल. पाच दुपट्टे कापून नमुन्यांना ठेवले.

पुढे : एका वेळी धारेत दोनच, आणि कापड थांबले की लगेच बाहेर.

2 ते 4 जानेवारी

तपाई. भट्टीतून आलेल्या कापडाचा पांढरा भाग पिवळट असतो, तो हिरड्याचा. काठावरच्या गोट्यांवर पसरून दिवसभर पाणी शिंपडायचे, सुकू द्यायचे, पुन्हा शिंपडायचे. तीन दिवस. ऊन पिवळा रंग खाते, लाल-काळ्याला हात लावत नाही. कोरडे ठेवून नुसते ऊन दिले तर काही होत नाही, ओले-कोरडे हेच काम करते. दुसऱ्या दिवशी दुपारी फरक दिसू लागला.

5 ते 8 जानेवारी

तिसरा लॉट छापला, काटे, बारा दुपट्टे.

9 जानेवारी

माहेश्वरी कापडावर चाचणी, 1 मीटर. ताणा रेशीम, बाणा सूत. अहिल्याबाई होळकरांच्या राजधानीतले हे कापड बाघेपासून लांब नाही आणि बाजारात बाघ-माहेश्वरी साडीला मागणी आहे, म्हणून विचारणा होणारच.

लेंड्या-संचोऱ्याचा खारा वगळला, रिठ्याने धुतले. क्षार रेशमाला चरचरीत करतो. हिरडा आठ टक्के. घोळ तोच.

22 जानेवारी

तिसरा लॉट आणि माहेश्वरी, दोन्ही भट्ट्या आज.

लॉट तीन : बारापैकी अकरा पास. एकावर ओघळ.

माहेश्वरी : उकळी टाळून 80-85 अंशांवर ठेवले. लाल सुतावर गडद, रेशमावर नारिंगीकडे झुकलेला, त्यामुळे कापड हलले की झाक बदलते. पण मोकळ्या भागावरही गुलाबी पातळ पाणी चढले, रेशीम रंगबंधकाशिवायही थोडा रंग घेते. पांढरी पार्श्वभूमी हवी असेल तर हे कापड नको. त्याच्यावर आधी तांबूस जमीन धरून आकृती रचावी, नाहीतर हात लावू नये.

26 जानेवारी

हिशोब. 34 दुपट्टे छापले, विक्रीला 18. लॉट एक पूर्ण गेला, लॉट दोनमधले 7, लॉट तीनमधले 11. किंमत लावताना 34च्या मजुरीचा भाग 18वर टाकायचा, नुसत्या 18च्या मजुरीवर नाही. दुपट्टा महाग पडतो, पण खरी किंमत तीच आहे.

काळी जागा साबणाच्या चाचणीत टिकली. तिच्याबाबत सावधगिरी मात्र हवी : लोखंड जास्त झाले की वर्षानुवर्षांनी सूत त्याच जागी कुजते, जुन्या छापील कापडांत काळे भाग आधी झिरझिरीत होतात ते यामुळे. म्हणून मडक्याचे पाणी खळीत निम्मेच घालतो, गडदपणा हिरड्यावर सोडतो. लेबलवर : थंड पाणी, रिठा, लिंबू-व्हिनेगर नको. आंबट पाणी तुरटीचा लाल सोडवते.

लेबलचा मजकूर कारखान्यात मोठ्याने वाचून दाखवला. ‘जुवारिया ठसा कारखान्याचा, जुना’ हे वाक्य आकृतीच्या नावाखालच्या ओळीत घेतले.

5 फेब्रुवारी

ठसे कोमट पाण्याने घासले, रेघांतला चिंचोका दात-ब्रशने काढला, सावलीत सुकवून तेल लावले. रेख-गद जोडी एकाच गोणपाटात, शीर एका दिशेला. नवी जोडी एका फळीतून कोरायला पेथापूरला निरोप गेला.

काळ्याचे मडके आज पुन्हा लावले : लोखंड 4 किलो, गूळ 800 ग्रॅम, पाणी 15 लिटर. थंडी सरत आहे, फेस पंधराव्या दिवसापासूनच बघायचा. चिंधी मडक्याच्या गळ्याला बांधून ठेवली आहे.